संत बार्तोलो लोंगो : वकिली, संसार आणि जपमाळ

ख्रिस्तसभेच्या संतमालिकेत धर्मगुरू आणि व्रतस्थ भगिनींची संख्या मोठी आहे. वकिलीची पदवी घेतलेला, विवाह केलेला आणि एका लहानशा गावात आयुष्य वेचलेला प्रापंचिक संत मात्र विरळाच. दि. 19 ऑक्टोबर 2025 रोजी परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनी रोम येथे सात जणांना संतपद बहाल केले. त्यांपैकी एक होते बार्तोलो लोंगो. त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण व शिक्षण

बार्तोलो यांचा जन्म दि. 10 फेब्रुवारी 1841 रोजी दक्षिण इटलीतील लातियानो या छोट्या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते. आईने मुलाला लहानपणीच पवित्र मरियेची भक्ती शिकविली. पुढे नेपल्स येथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व 1864 साली पदवी मिळविली. त्या काळी तेथील विद्यापीठात ख्रिस्तसभेविरुद्ध वातावरण होते. तरुण बार्तोलो श्रद्धेपासून दूर गेले आणि मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या मंडळींच्या नादी लागले. त्यातून त्यांचे मन व शरीर दोन्ही खचले. अखेर एका प्राध्यापक मित्राने त्यांना डोमिनिकन संघाचे फादर अल्बेर्तो रादेंते यांच्याकडे नेले. 1865 साली पापनिवेदन करून ते श्रद्धेत परतले. 1871 साली त्यांनी डोमिनिकन तृतीय संघात प्रवेश केला.

पॉम्पे येथील कार्य

विधवा काउंटेस मारियान्ना दे फुस्को यांच्या जमिनीची व्यवस्था पाहण्यासाठी बार्तोलो 1872 साली पॉम्पेच्या खोऱ्यात आले. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या प्राचीन नगरीच्या शेजारची ही वस्ती अत्यंत दरिद्री होती. शेतकऱ्यांना साध्या प्रार्थनाही येत नव्हत्या. बार्तोलो स्वतः आपल्या भूतकाळाच्या आठवणीने निराश झाले होते. जपमाळेचा प्रसार करणाऱ्याचे तारण होते, ही शिकवण त्यांना तेथे आठवली आणि त्यांच्या जीवनाला दिशा मिळाली.

दि. 13 नोव्हेंबर 1875 रोजी जपमाळेच्या मातेचे एक जीर्ण चित्र शेणखताच्या गाडीतून पॉम्पेला आले. दि. 8 मे 1876 रोजी मंदिराची पायाभरणी झाली व 1891 साली त्याचे पवित्रीकरण झाले. आज तेथे जगभरातून यात्रेकरू येतात. बार्तोलो यांनी 1883 साली रचलेली पॉम्पेच्या मातेची विनंती-प्रार्थना दरवर्षी 8 मे रोजी व ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी म्हटली जाते.

संसार

काउंटेस मारियान्ना यांना पाच मुले होती. दोघे एकत्र सेवाकार्य करीत असल्याने लोकांत कुजबुज सुरू झाली. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांच्या सल्ल्यावरून दोघांनी 1885 साली विवाह केला. त्यांनी ब्रह्मचर्याचे पालन केले, तरी त्यांचे घर मुलांवाचून राहिले नाही. 1887 साली अनाथ मुलींसाठी आश्रम सुरू झाला व 1892 साली कैद्यांच्या मुलांसाठी निवास उघडला गेला.

हे दुसरे कार्य त्या काळी धाडसाचे होते. गुन्हेगारी रक्तातूनच उतरते, असे लोंब्रोसो यांच्यासारखे विद्वान सांगत होते. कैद्याचा मुलगा सुधारणार नाही, हे जणू गृहीतच धरले जात असे. बार्तोलो यांनी या मताला वादविवादापेक्षा कृतीने उत्तर दिले. मुलांना शाळा, छपाई व सुतारकाम यांसारखे हुन्नर, प्रार्थना आणि मायेचे घर दिले. त्यांची प्रगती ते आपल्या मासिकातून समाजासमोर मांडीत असत.

पुढे निधीच्या वापरावरून त्यांच्यावर आरोप झाले. तेव्हा 1906 साली त्यांनी सर्व संस्था परमगुरुपीठाच्या स्वाधीन केल्या व स्वतः तेथेच साधेपणाने राहिले. मारियान्ना 1924 साली निवर्तल्या. दि. 5 ऑक्टोबर 1926 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी बार्तोलो यांनी देह ठेवला. परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी 1980 साली त्यांना धन्यवादित घोषित केले. 2002 साली जपमाळेत प्रकाशाची रहस्ये समाविष्ट करणाऱ्या आपल्या पत्रातही त्यांनी बार्तोलो यांचे स्मरण केले.

आपल्यासाठी संदेश

कोल्हापूरकरांसाठी 2025 हे वर्ष वकिली क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. अनेक दशकांच्या मागणीनंतर दि. 18 ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज येथे सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली. त्यानंतर दोनच महिन्यांनी एका वकिलाला संतपद मिळावे, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो.

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून रोज कितीतरी वकील काळा कोट घालून न्यायालयाकडे निघतात. त्यांच्यामागे घर असते, मुलांच्या शाळा असतात, वृद्ध आईवडील असतात. याच शहरात कळंबा येथे मध्यवर्ती कारागृह आहे. खटल्याचा निकाल लागतो, अशील शिक्षा भोगू लागतो आणि वकिलाचे काम संपते. त्या अशिलाच्या मुलांचा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. शाळेतील टोमणे, थकलेली फी, शेजाऱ्यांनी फिरविलेली पाठ. बार्तोलो यांनी नेमक्या याच ठिकाणी आपले काम सुरू केले होते. अशा एखाद्या कुटुंबाची चौकशी करणे, त्याच्यासाठी एक जपमाळ म्हणणे, हे कोणत्याही श्रद्धावंताला शक्य आहे.

संत बार्तोलो लोंगो, आम्हांसाठी विनंती करा.