हर्ट, मिसिसिपी जॉन

हर्ट, मिसिसिपी जॉन : (१८९२/९३–२ नोव्हेंबर १९६६). अमेरिकन कंट्री ब्लूज गायक व गिटारवादक. मूळ नाव जॉन स्मिथ हर्ट. ‘मिसिसिपी’ ही जोड ‘ओके’ या रेकॉर्ड कंपनीने खपासाठी दिलेली. मिसिसिपी राज्यातील टीऑक येथे जन्म. आयुष्य बहुतेक जवळच्या अ‍ॅव्हलॉन खेड्यात शेतमजुरीत गेले. गिटार तो लहानपणी आपली आपणच शिकला. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर झुलता, न थांबणारा ठेका धरायचा आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर चाल वाजवायची, ही त्याची रीत. नुसते ऐकणाऱ्याला दोघे वाजवताहेत असे वाटते. आवाज मऊ, ओसरीवर बसून गोष्ट सांगावी तसा. ब्लूज म्हणजे आक्रोश, अशी समजूत असलेल्याने हर्टपासून सुरुवात करावी.

शेजारच्या विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाने शिफारस केल्यामुळे १९२८ मध्ये मेम्फिस व न्यूयॉर्क येथे त्याचे ध्वनिमुद्रण झाले. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली आणि हर्ट शेतीकामातच राहिला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने अमेरिकन लोकसंगीताच्या संकलनात त्याची दोन गाणी घेतली. तरुण श्रोत्यांत नाव झाले; माणूस मात्र वारला असेल, असेच अनेकांनी धरले होते.

पत्ता गाण्यातच होता. ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’मध्ये त्याने आपल्या गावाचे नाव घेतले होते. टॉम हॉस्किन्स या तरुण ब्लूजप्रेमीने ते जुन्या नकाशात हुडकले आणि १९६३ मध्ये तिथे जाऊन चौकशी केली. हर्ट गावातच होता, गुरे राखत होता. ब्लूजच्या इतिहासात याला ‘पुनर्शोध’ म्हणतात. शब्द शोधणाऱ्यांच्या सोयीचा आहे. अ‍ॅव्हलॉनकरांच्या लेखी तो हरवलाच नव्हता. त्याच वर्षी जॉन फाही व एड डेन्सन यांनी बुका व्हाइट या दुसऱ्या ब्लूज गायकाला असेच गाठले : त्याच्या गाण्यातल्या अ‍ॅबर्डीन गावी, ‘बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक’ एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकून.

हर्ट १९६३ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात गायला. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पुढची तीन वर्षे महाविद्यालये व कॉफीगृहांतून कार्यक्रम केले. व्हॅनगार्डने काढलेली टुडे! (१९६६) ही त्याची या काळातील प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका. मिसिसिपीतील ग्रेनाडा येथे त्याचे निधन झाले.