हिवरे बाजारमधील चराईबंदी व कुऱ्हाडबंदी

हिवरे बाजार (तालुका नगर, जिल्हा अहिल्यानगर, जिल्ह्याचे पूर्वीचे नाव अहमदनगर) या गावाने लगतच्या वनजमिनीत व पडीक माळावर मोकाट चराई आणि वृक्षतोड न करण्याचा निर्बंध १९९० च्या दशकापासून स्वतःवर घालून घेतला आहे. सामायिक जमिनींच्या लोकव्यवस्थापनाचे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून येथे वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात सरपणासाठी झालेली तोड आणि अनिर्बंध चराई यांमुळे भोवतालच्या टेकड्या उघड्या पडल्या. माती वाहून गेली, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे रोजगारासाठी बाहेर पडली. १९८९ च्या निवडणुकीनंतर पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे संयुक्त वनव्यवस्थापन, रोजगार हमी योजना व राज्याची आदर्श गाव योजना यांच्या साहाय्याने टेकड्यांवर सलग समतल चर खोदून वृक्षलागवड करण्यात आली. आदर्श गाव योजनेची पंचसूत्री, म्हणजे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान, राळेगणसिद्धीच्या अनुभवातून आलेली होती.

निर्बंधाचे स्वरूप

चराईबंदी म्हणजे गवताचा वापर बंद करणे नव्हे. जनावर रानात सोडायचे नाही, मात्र गवत विळ्याने कापून, भारा बांधून घरी न्यायचे, अशी ही पद्धत आहे. त्यासाठी नाममात्र शुल्क आकारले जाते. कापणीमुळे गवताची मुळे टिकतात व रोपे तुडवली जात नाहीत. कुऱ्हाडबंदीतही उभे झाड तोडण्यास मनाई असते.

अशा बंदीचा पहिला भार शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या कुटुंबांवर पडतो; बांधावर चारा असलेल्या शेतकऱ्याला ती तितकी जाचत नाही. त्यामुळे गवतावरील हक्क सर्वांना मिळणे ही या व्यवस्थेची खरी कसोटी ठरते. केवळ पहारा ठेवून ती टिकली नसती. गवत वाढल्यावर गावात गोठ्यातील दुभत्या जनावरांचे प्रमाण वाढले आणि दूध हे उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन बनले.

भूजलाशी संबंध

टेकड्यांवर मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळते. एखाद्याने खोल कूपनलिका घेऊन ते उपसले, तर सर्वांच्या श्रमदानाचे फळ एकाच्या शेतात जाईल. या कारणाने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी करण्यात आली, तसेच ऊस व केळी यांसारखी जास्त पाणी लागणारी पिके टाळण्याचे ठरले. दरवर्षी पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पिण्याचे पाणी व जनावरांची गरज आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवली जातात.