मात्रा आणि मास्तरांची नोंदवही

श्रोतेहो, ‘मात्रा’ हा शब्द आपल्या बोलण्यात नेहमीचा. वैद्यबुवा सहाणेवर उगाळून मधातून चाटवीत, ती मात्रा. आणि ती किती द्यायची ते माप, तीही मात्राच. औषध आणि औषधाचे माप, दोहोंना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. आज ज्या औषधांचा इतिहास सांगणार आहे, त्यांच्या बाबतीत हे फार खरे आहे. माप चुकले, की औषध असून नसल्यासारखे होते.

मांडव्याची शाळा घ्या, नाहीतर घाटावरची. प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचे असे एखादे मूल असतेच. पायाला भिंगरी लावल्यासारखा मुलगा, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ओरडणारा, रोज पेन्सिल हरवणारा. किंवा एखादी मुलगी, शांत बसलेली, पण मन भलतीकडेच. मूल हुशार असते, पण वही कोरी राहते. आपण त्याला द्वाड म्हणतो, आळशी म्हणतो. लंडनच्या जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञाने 1902 साली आपल्या व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांचे वर्णन केले. आज ह्या विकाराला एडीएचडी म्हणतात; म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता. प्रत्येक खोडकर मूल असे नसते, बरं का. ते तपासून डॉक्टरांनीच ठरवायचे.

औषध सापडले ते मात्र योगायोगाने. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात मुलांचे एक रुग्णालय होते. तेथे चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मेंदूच्या एक्स-रेसाठी मुलांच्या कण्यातले पाणी काढीत. त्याने मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण काही मुले अभ्यासाला लागली! 1937 साली त्यांनी 30 मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. एक आठवडा औषधाविना, एक आठवडा औषध, पुन्हा एक आठवडा औषधाविना, अशी त्यांची पद्धत होती. सुमारे निम्म्या मुलांची शाळेतली प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. औषध थांबताच ती ओसरली. मुलेच त्याला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर व्हावे, ह्याचे नवल खुद्द ब्रॅडलींनाही वाटले.

पुढे 1944 साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन ह्या रसायनशास्त्रज्ञाने मिथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीने ते घेऊन पाहिले. तिचे लाडके नाव रिटा, त्यावरून औषध ‘रिटालिन’ झाले. 1954 पासून ते बाजारात आले. आता खरा प्रश्न उभा राहिला, की कोणाला किती द्यायचे? आणि योग्य मात्रा लागू पडली, हे ओळखायचे कशावरून? ताप असेल तर पारा सांगतो. लक्ष मोजणारा पारा कोठून आणायचा?

ह्याचे उत्तर शाळेत सापडले. कीथ कॉनर्स ह्या मानसशास्त्रज्ञाने 1969 साली शिक्षकांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मूल जागेवर बसते का, हातचे काम पुरे करते का, अशा बाबींना शिक्षकाने गुण द्यायचे. दवाखान्यात दहा मिनिटे नवख्या जागी बसलेले मूल डॉक्टरांना काय कळणार? मास्तर त्याला दिवसभर पाहतात.

पण इथे एक सापळा होता. 1977 साली स्प्रेग आणि स्लेटर ह्या संशोधकांनी 20 मुलांना कधी रिकामी गोळी, कधी वजनाच्या दर किलोला 0.3 मिलिग्रॅम आणि कधी 1 मिलिग्रॅम मिथिलफेनिडेट दिले. शिक्षकांना मुले मोठ्या मात्रेवर सर्वांत चांगली वाटली. स्मरणाच्या परीक्षेत मात्र मुलांची कामगिरी लहान मात्रेवर सर्वांत सरस ठरली. मोठ्या मात्रेवर ती घसरली. पुढच्या सर्वच अभ्यासांत नेमके असे दिसले नाही. तरी धडा कायम राहिला. वर्ग शांत झाला म्हणजे मूल शिकले, असे होत नाही. आपण गोळी कोणासाठी देतो? मुलासाठी, की आपल्या डोक्याला शांतता मिळावी म्हणून?

दुसरा धडा 1999 सालचा. अमेरिकेत 579 मुलांवर 14 महिने उपचार करून पाहिले गेले. एका गटात आईवडील व शिक्षक ह्यांच्या रोजच्या गुणांवरून 28 दिवसांत प्रत्येक मुलाची मात्रा ठरवली आणि नंतर दरमहा तपासणी केली. दुसरा गट नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांतल्याही बहुतेक मुलांना औषध मिळाले होते, पण सुधारणा पहिल्या गटात अधिक झाली. वागणुकीचे शिक्षण जोडीला असलेल्या गटाला औषध कमी पुरले. पुढे ही देखरेख संपली आणि काही वर्षांत गटांमधला फरकही ओसरला.

आज डॉक्टर थोडक्यापासून सुरुवात करतात. बहुधा 5 मिलिग्रॅम, मग आठवड्या-आठवड्याने थोडी वाढ. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. मात्रा केवळ वजनावर ठरत नाही. एकाच वजनाच्या दोन भावांनाही वेगळी लागू शकते. भूक मंदावणे, झोप उशिरा येणे, डोके दुखणे, नाडी वाढणे, ह्या गोष्टी पाहाव्या लागतात. हसते-खेळते मूल एकदम मुके, मलूल झाले, तर मात्रा जास्त झाली असावी. अशा वेळी आपणच गोळी कमी-जास्त करू नये, डॉक्टरांना कळवावे.

आपल्याकडे मिथिलफेनिडेट औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. म्हणून हे औषध गावातल्या दुकानात सहसा मिळत नाही. मांडव्याच्या पालकाला अलिबाग गाठावे लागते, नाहीतर मुंबई. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. म्हणून पुढची तपासणी आणि गोळ्यांचा साठा ह्यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याच्या यादीतही हा विकार आहे. शंका असलेल्या मुलाची माहिती त्यांना जरूर द्यावी.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, अशा मुलाच्या नावाने एक वही ठेवा. रोज चार ओळी पुरेत. किती वेळ बसला, किती गणिते पुरी केली, डबा संपवला का, मित्रांत हसला का. गोळी केव्हा घेतली आणि रात्री झोप कशी लागली, ते आईला विचारून लिहा. तपासणीला जाताना ती वही पालकांच्या हाती द्या. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत जे डॉक्टरांना दिसत नाही, ते त्या चार ओळींत त्यांना वाचता येईल.