इरले, खोळ आणि बुरुडाचा वेळू

अरुणाचल प्रदेशातील झिरोच्या खोऱ्यात भात पिकविणाऱ्या अपातानी शेतकऱ्यांच्या बांबू-वेताच्या टोप्यांविषयी वाचत असताना आम्हांस एक नाव वारंवार भेटत गेले, आणि ते आमच्याच जुन्या राज्यातले निघाले. म्हणून हा लेख छत्रपती संभाजीनगरात बसून लिहीत आहोत. जेथे जुन्या काळाचा संबंध येईल तेथे औरंगाबाद हे त्या वेळचे नावच वापरू.

ते नाव क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ या व्हिएन्नात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाचे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा गृहस्थ हिंदुस्थानात होता आणि त्याच्या खिशात जर्मन पारपत्र होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्याला निजामाच्या हैदराबाद संस्थानाबाहेर पडण्यास मनाई केली. ही एक प्रकारची नजरकैदच; पण अभ्यासकाला कैदही फळते ती अशी. या काळात त्याने चेंचू, कोंडारेड्डी आणि आदिलाबादचे राजगोंड यांच्यात राहून काम केले. १९४४-४५ मध्ये सरकारने त्यालाच सुबनसिरी भागात पाठविले. तेथे त्याला अपातानी भेटले. पुढे तो पुन्हा हैदराबादेस आला, निजाम सरकारचा आदिवासीविषयक सल्लागार झाला आणि १९४९ पर्यंत त्या कामात राहिला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्याच संस्थानात होते. त्याचे अपातानींवरील पुस्तक १९६२ साली निघाले.

त्या वर्णनांतील दोन गोष्टी आमच्या मनात घर करून राहिल्या. एक, अपातानी नांगर धरीत नाहीत. पाणथळ वाफ्यांत हातानेच कष्ट करतात. दुसरी, गावाभोवती त्यांची बांबूची बेटे असतात. ती कुटुंबाकुटुंबाच्या मालकीची, कुंपण घालून राखलेली. डोक्यावरच्या टोपीचा बांबू शेतकऱ्याच्या स्वतःच्या बेटातला असतो. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

महाराष्ट्रात या टोपीच्या नात्यातली वस्तू म्हणजे कोकणातले व मावळातले इरले. बांबूच्या चिरलेल्या कांबींची उभी-आडवी जाळी, तिच्यात पळसासारखी रुंद पाने, आणि वर पुन्हा जाळी. आकार उलट्या होडीसारखा. डोक्यावर ठेवले की मागे कमरेखालपर्यंत येते. छत्रीशी त्याची तुलना करणे आम्हांस चुकीचे वाटते. छत्री उभ्या माणसासाठी असते आणि ती एक हात अडवते. इरले वाकलेल्या माणसासाठी, दोन्ही हात चिखलात असलेल्या बाईसाठी केलेले असते. लावणीच्या दिवसांत रोपाची मूठ एका हाती, दुसरा हात चिखलात, आणि पाठीवर हे छप्पर. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द नोंदलेला आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो चांगलाच रुळलेला होता.

मग आमच्या मराठवाड्यात इरले का नाही? पाऊस कमी, हे सोपे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. येथे पाऊस कोकणाच्या मानाने फार थोडा पडतो हे खरे. पण पडतो तेव्हा तोही झोडपतोच. खरी गोष्ट काळ्या मातीची आहे. भाताला चिखल हवा, म्हणून कोकणी माणूस पाऊस अंगावर घेत काम करतो. आमच्या काळ्या रानात पाऊस पडत असता कोणी पाय घालीत नाही. चिखल पायाला मणभर चिकटतो, पेरणी-खुरपणी सारे थांबते. वाफसा येईपर्यंत वाट पाहायची. तेव्हा पावसात करायचे उरते ते इतकेच: गुरे राखणे आणि घराकडे परतणे. त्याला धनगराची घोंगडी पुरते. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की झाले. घोंगडी नसेल त्याने पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून खोळ केली. डोक्यावरची वस्तू आभाळापेक्षा पिकाकडे पाहून ठरते, असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ मराठवाड्यात बांबूचे काम नव्हते असा मुळीच नाही. बुरूड समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सूप, टोपली, दुरडी, डालगे, कणगी, तट्ट्या; जन्मापासून तिरडीपर्यंत वेळूवाचून अडते. बाराव्या शतकातील शरण मेदार केतय्या बांबूकाम करून पोट भरीत. त्यांचे कल्याण, आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात असून १९५६ पर्यंत तेही हैदराबाद राज्यातच होते. केतय्यांची वचने कन्नड वाङ्मयात मानाने ठेवलेली आहेत. त्यांनी विणलेली टोपली अर्थातच कुठे नाही. आमच्या शहरातील संग्रहालयांत चिलखते आणि तलवारी पाहावयास मिळतात. लोखंड टिकते. इरले दोन-तीन पावसाळ्यांत कुजते आणि सूप झिजून चुलीत जाते, म्हणून इतिहास लिहिताना शेतकऱ्याचे डोके उघडेच राहते.

आता मालकीची गोष्ट. अपातानींचा बांबू त्यांच्या दारी उभा आहे. आमच्या बुरुडाला तो विकत घ्यावा लागतो, आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याने तर बांबूला वृक्षांत बसविले. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते! स्वतःच्या बांधावरचा वेळू तोडून नेण्यासही परवान्याची कटकट त्यामुळे मागे लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ साली आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती मिळाला. वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षांच्या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ साली. म्हणजे नव्वद वर्षे लागली. तोवर प्लास्टिकने बाजारातील टोपली, सूप दोन्ही गिळली होती.

कोकणात इरल्याची कांबीची चौकट अजून दिसते. पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद ताणलेला असतो. आमच्याकडे खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ झाली आहे. घडी मात्र तीच, कोपऱ्यात कोपरा खुपसलेली.