गाजर गवत आणि त्याची ॲलर्जी

गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ओळखले जाणारे तण सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस आहे. पाने गाजरासारखी, फुले बारीक आणि पांढरी. मूळ प्रदेश मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा. पुण्यात वाढलेल्या या तणाची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते; जुन्या नोंदींवरून मात्र ते देशात त्याआधीही तुरळक असावे असे दिसते. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि पडीक जमीन, रस्त्याच्या कडा, रेल्वेमार्ग कुठेही त्या रुजतात. त्यामुळे काही दशकांत हे तण देशभर पसरले.

तण फोफावले तसे त्वचारोगतज्ज्ञांकडे नव्या तक्रारीचे रुग्ण येऊ लागले. पापण्या, चेहरा, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी येथे खाज सुटे, त्वचा लाल होऊन सुजे, पाणी सुटे आणि दुखणे लांबल्यास ती जाड व काळपट होई. उघड्यावर काम करणाऱ्या शेतकरी-मजुरांत हा त्रास विशेष आढळला. 1974 मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी गाजर गवतामुळे होणाऱ्या या त्वचादाहावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्रासाचे मुख्य कारण पार्थेनिन हे रसायन. ते पानांवरील केसांसारख्या लवेत असते. झाड वाळले की लव धुळीत मिसळून हवेत उडते, त्यामुळे झाडाला हात न लावणाऱ्यालाही बाधा होते. पार्थेनिन त्वचेतील प्रथिनांना चिकटते. त्वचेतील पहारेकरी पेशी हे बदललेले प्रथिन लसिका ग्रंथींत नेतात आणि तेथे टी-पेशी त्याची ओळख पक्की करतात. या टप्प्यात लक्षणे नसतात. पुढच्या संपर्कात त्याच टी-पेशी त्वचेत जमून दाह निर्माण करतात. त्याला साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच निदानासाठी पाठीवर लावलेली पट्टी 48 तासांनी काढून त्वचा तपासतात.

याच झाडाचे पराग नाकात गेल्यावर मात्र काही मिनिटांतच शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज आणि काहींना दमा सुरू होतो. येथे काम करते आयजीई हे प्रतिपिंड. ते मास्ट पेशींवर आधीपासून बसलेले असते. पराग भेटताच पेशी हिस्टामिन सोडतात, रक्तवाहिन्या फुगतात आणि श्लेष्मा वाढतो. आयजीईचा शोध इशिझाका दांपत्याने 1966 च्या सुमारास लावला, तर ‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्येच रूढ केली होती.

दोन्ही त्रासांवरचे उपचार त्यामुळे वेगळे ठरतात. परागांच्या शिंकांवर हिस्टामिनविरोधी गोळी उपयोगी पडते. त्वचादाहावर मुख्यतः स्टेरॉइड मलम आणि हट्टी दुखण्यात प्रतिकारशक्ती मंदावणारी औषधे द्यावी लागतात. मूळ उपाय तण हटवण्याचाच. फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून ते उपटतात. शिवाय 1980 च्या दशकात मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला झायगोग्रामा हा भुंगा पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो. कोरड्या दिवसांत तो जमिनीत सुप्त राहत असल्याने उपटण्याचे काम मात्र सुटत नाही.