भिंतीवर न मावलेली नावं : कुलाब्याचं अफगाण चर्च

धामणकर नाक्यावर उभं राहून कुलाब्याच्या चर्चबद्दल बोलायचं, हे तुमच्यापैकी काहींना विचित्र वाटेल. मी इतिहासकार नाही, वास्तुतज्ज्ञही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण त्या चर्चमधल्या एका वाक्याने मला बरीच वर्षं अडवून ठेवलं आहे. तेवढ्यासाठी तुमचा थोडा वेळ घेतो.

मुंबईच्या दक्षिण टोकाला, नेव्ही नगरच्या वाटेवर हे चर्च आहे. त्याचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगाल तर तो गोंधळेल. ‘अफगाण चर्च’ म्हणा, लगेच मीटर टाकेल. अँग्लिकन व्यवस्थेत पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला वस्तीचा भाग. इथली वस्ती म्हणजे कुलाब्याची लष्करी छावणी. त्यामुळे हे देऊळही आणि युद्धस्मारकही.

युद्ध कोणतं? पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध. १८३९ साली कंपनीच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, शाह शुजाला गादीवर बसवलं आणि काबूलमध्ये मुक्काम ठोकला. जानेवारी १८४२ मध्ये ऐन हिमवर्षावात तिथून माघार घ्यावी लागली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्यासोबत बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, बायका, मुलं. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून जलालाबादला पोचला, आणि ‘एकच माणूस वाचला’ ही गोष्ट जगभर झाली. ती पूर्ण खरी नाही. काही जण कैदेत वाचले, काही शिपाई मागाहून धडपडत आले. पण गोष्टीत नाव राहिलं ते ब्रायडनचं.

त्या साडेचार हजारांत गोरे सैनिक जेमतेम सातशे. बाकी सगळे हिंदी शिपाई, ते बंगाल फौजेचे. आपली मुंबई फौज गेली ती सिंध-बलुचिस्तानच्या वाटेने. तिच्यात कोकणातले, देशावरचे मराठी शिपाई पुष्कळ. १८४० साली काहानच्या किल्ल्यात पाचव्या पलटणीच्या तुकडीने मरी बलुचांचा वेढा महिनोन् महिने सोसला. त्यांना सोडवायला निघालेली तुकडी नफुस्क खिंडीत कापली गेली. कित्येक जण तर तहानेनेच गेले. ती पाचवी पलटण म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. ‘काली पाँचवी’ हे तिचं नाव अजून चालू आहे. म्हणजे ही दूरच्या कुणाची गोष्ट नव्हे, बरं का.

आता इमारतीकडे वळू. आधी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लंडमधल्या नामांकित वास्तुकाराचा आराखडा आला होता. तो फार खर्चिक ठरला. मग काम आलं हेन्री कॉनीबीअरकडे. मुंबईला नळाचं पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजना ज्याने आखली, तोच हा अभियंता. पायाभरणी १८४७ ची, चर्च उपासनेसाठी खुलं झालं जानेवारी १८५८ मध्ये, म्हणजे उत्तरेत अजून बंडाची आग धुमसत होती तेव्हा. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा दिसतात त्या उगीच नाहीत. शिखर मात्र पैशाअभावी रखडलं. कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने हातभार लावला आणि १८६५ मध्ये ते पुरं झालं. उंची सुमारे ६० मीटर. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना ती खूणच झाली.

दगड इथलाच, पिवळसर बेसाल्ट आणि चुनखडक. शैली मात्र तेराव्या शतकातल्या इंग्लंडची, गॉथिक. टोकदार कमानी भार सरळ खाली उतरवतात, त्यामुळे भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात. खिडक्यांच्या रंगीत काचा विल्यम वेल्स याच्या. फरशांची नक्षी बटरफिल्डची, त्या इंग्लंडहून जहाजाने आल्या. आत दोन भाग : लांब दालन, म्हणजे आपला सभामंडप म्हणा, तिथे लोक बसणार. आणि पूर्वेकडे वेदीचा भाग, म्हणजे गाभारा. तिथे धर्मगुरू. त्या काळी इंग्लंडमध्ये चर्च कसं बांधावं यावर मोठी चळवळ चालू होती आणि गाभारा वेगळा, ठळक दिसलाच पाहिजे असा तिचा आग्रह होता. हा भाग लक्षात ठेवा, कारण नावं तिथेच आहेत.

आता ते वाक्य. स्मारकलेख सांगतो, की गाभाऱ्याच्या भिंतींवर ज्यांची नावं लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि इतकी मोठी संख्या असल्यामुळे ज्यांची नावं लिहिता आली नाहीत अशा खालच्या हुद्द्याच्या व साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं.

फार होते, म्हणून नावं नाहीत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे प्रामाणिक वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. साठ मीटरचं शिखर उभारायला दगड पुरला आणि नावांना भिंत पुरली नाही? बरं, शिपायांची नावं दगडावर कोरायची पद्धतच नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. कोरेगावचा जयस्तंभ याच कंपनीचा, १८२१ साली त्याची पायाभरणी झाली. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत, ‘नाक’ प्रत्यय लागलेली महार शिपायांची नावंही. तिथे माणसं थोडी होती, हे खरं. पण माणसं जास्त मेली म्हणून प्रत्येकाचं मरण लहान होतं का?

तत्त्वज्ञानात नाव आणि संख्या यांत आम्ही फरक करतो. संख्येत एकाच्या जागी दुसरा चालतो. चाळीस ताग्यांतला एक काढून दुसरा ठेवला तर चाळीसच राहतात. नावाच्या जागी दुसरं नाव चालत नाही. नाव गेलं की माणूस बदलता येण्याजोगा होतो, आणि बदलता येण्याजोग्या माणसाला पुन्हा खिंडीत पाठवणं सोपं जातं. १८७८ साली इंग्रज फौजा परत अफगाणिस्तानात गेल्याच.

आता नाक्यावर परत येतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे इथून जवळच एक तीन मजली इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसं झोपेतच गेली, त्यांत लहान मुलं होती. आकडा आपल्यापैकी अनेकांना आठवेल. नावं किती जणांना आठवतात? मी स्वतःला विचारलं तर मला एकही सांगता आलं नाही. कुलाब्याच्या त्या वाक्यावर मी रागावलो होतो. तेच वाक्य मीही मनात लिहून ठेवलं होतं.

चर्च जरूर बघा. सुंदर वास्तू आहे. खिडक्या बघा, कमानी बघा. मग गाभाऱ्यातली नावं वाचा आणि जी नाहीत त्यांच्यासाठी थोडं थांबा. घरी आल्यावर आपल्या गल्लीतलं, आपल्या कारखान्यातलं एखादं नाव वहीत लिहून ठेवा. भिंत पुरत नसेल, तर वही पुरते.