नाण्यावरचा पहिला घाव

श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. सभोवार उसाचे मळे. समजा, तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला नांगराच्या तासात तांब्याचा हिरवट तुकडा सापडला आणि पोराने तो शाळेत आणला. वर ‘छत्र’ एवढीच अक्षरे. ‘पति’ कुठे गेले? कुणी म्हणेल, टाकसाळीची चूक. हजारो रुपये येतील! कुणी म्हणेल, फाळाने तुटले. आता गुरुजींनी काय सांगावे?

हा तुकडा शिवराईचा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. शिवछत्रपतींच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे. पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि एकोणिसाव्या शतकातही त्या बाजारात चालत होत्या.

हे नाणे पाडीत हाताने. खालचा ठसा पक्का बसवायचा, त्यावर तांब्याची चकती, चकतीवर वरचा ठसा आणि त्यावर हातोडीचा घाव. ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे. म्हणजे कडेची अक्षरे चकतीबाहेरच राहणार! ही चूक नव्हे, ती त्या काळची रीतच. घाव तिरका बसला तर एक बाजू कोरी राही. दोनदा बसला तर अक्षरे दुहेरी उमटत.

मग ओळखायचे कसे? कड पाहा. जुन्या नाण्याची कड झिजलेली असते आणि तिच्यावरही बाकीच्या अंगासारखाच हिरवा-काळा रंग चढलेला असतो. कड धारदार, आतले तांबे लालभडक, तर तुकडा अलीकडे तुटला समजा.

मुंबईत १८२९ साली टाकसाळ उभी राहिली आणि वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली. तिथेही चुका होतच. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ उठते, कारण धातू त्या तड्यात चढतो. ओरखडा मात्र खोल असतो. रेघेवरून नख फिरवा, बोटालाच कळेल! कधी पाडलेले नाणे ठशाला चिकटून राही. मग पुढच्या चकतीवर खोलगट, उलटी अक्षरे उमटत. पण दोन नाणी एकावर एक ठेवून ठोकली तरी उलटी अक्षरे येतात, बरं का! तेव्हा दुसरी बाजू पाहावी. ती चेपलेली असेल, तर काम टाकसाळीबाहेरचे. माळेत ओवण्यासाठी रुपयाला कडी जोडीत; तिची खूणही कडेला राहते.

एक विनंती. सापडलेले नाणे चिंच-राखेने घासू नका. हिरवा थर गेला की साक्षीदारच गेला. शिवाय १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले, तर कलेक्टरांना कळवावे लागते.

पहिला घाव टाकसाळीतल्या कारागिराचा, नंतरचे घाव नांगराचे, सोनाराचे, आपल्या हातांचे. ‘पति’ गेलेली ती शिवराई शाळेच्या मेजावर ठेवून गुरुजींनी मुलांना एवढेच विचारावे : यातला कोणता घाव कुणाचा?